पाळीव श्वानाचा गळपट्टा: ओळख पट्ट्यावर, ओढ हार्नेसवर

दिवाळीच्या रात्री फटाक्यांच्या आवाजाने बिथरलेला पाळीव श्वान उघड्या दारातून बाहेर पळाला, तर तो पुन्हा घरी येईल की नाही, हे अनेकदा त्याच्या गळ्यातील पट्ट्यावर ठरते. पट्टा सैल असेल तर पहिल्याच हिसक्याला तो मानेतून निसटतो. माप अचूक असूनही पट्ट्यावर दूरध्वनी क्रमांक नसेल, तर श्वान सापडलेल्या माणसाला तो कोणाचा, हे कळण्याचा मार्ग उरत नाही. आणि पट्टा गरजेपेक्षा घट्ट असेल, तर श्वान घरी सुखरूप असतानाही त्याच्या मानेला रोज थोडी थोडी इजा होत राहते. दुकानात मात्र पट्ट्याची निवड बहुधा रंग, चमक आणि किंमत पाहून केली जाते.

गळपट्ट्याकडून तीन कामांची अपेक्षा असते. श्वानाची ओळख पटवणे, त्याला आवरणे आणि त्याचे रक्षण करणे. ही तिन्ही कामे एकच वस्तू सारख्याच चोखपणे करू शकत नाही. म्हणूनच ओळख पट्ट्यावर ठेवावी आणि ओढ हार्नेसवर घ्यावी, हे खरेदीचे सर्वांत उपयुक्त सूत्र ठरते. छाती आणि खांद्यांभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या साजाला हार्नेस म्हणतात. कोणत्या श्वानाला काय लागेल, हे त्याची मान, त्याचे वय, त्याची जात आणि तो राहतो तेथील हवामान यांवर अवलंबून असते.

रक्षणासाठी जन्मलेला पट्टा

गळपट्ट्याचा इतिहास शोभेपासून सुरू होत नाही. हिमाचल प्रदेशातील गद्दी मेंढपाळ आपल्या राखणदार श्वानांच्या गळ्यात लोखंडी काट्यांचे रुंद पट्टे घालत आले आहेत. बिबट्या भक्ष्याची मान पकडतो आणि काट्यांमुळे त्याची पकड बसत नाही, हे त्यामागचे साधे कारण होय. मेंढ्या राखणाऱ्या श्वानांसाठी तुर्कस्तानातही असेच काटेरी पट्टे वापरले जातात.

महाराष्ट्रातील वाचकांना हा धोका नवा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्यांच्या आहाराचा जो अभ्यास झाला, त्यात वजनाच्या हिशेबाने जवळपास ३९ टक्के वाटा श्वानांचा आढळला होता. बिबट्याचा वावर असलेल्या गावात रात्री अंगणात साखळीने बांधलेला श्वान पळूही शकत नाही आणि लपूही शकत नाही. तेथे काटेरी पट्ट्यापेक्षा बंद पडवी किंवा पक्क्या जाळीचा पिंजरा अधिक उपयोगाचा असतो. शहरातील घरात काटेरी पट्टा केवळ दिखाऊ ठरतो. लहान मुलांना आणि इतर श्वानांना त्यापासून इजा होण्याची शक्यताच अधिक असते.

पाळलेला श्वान आणि बेवारस श्वान यांच्यातील फरक दाखवणारी खूण म्हणूनही पट्ट्याला मोल आले. जून १८३२ मध्ये मुंबईत बेवारस श्वानांना मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मोठा उद्रेक झाला. मारलेल्या प्रत्येक श्वानामागे आठ आणे मिळत असल्याने शिपायांनी पाळीव श्वानांनाही सोडले नाही, अशी तक्रार होती. पारशी समाज या निषेधात आघाडीवर होता. श्वानाला वाली आहे हे दूरवरून दिसावे, ही गरज तेव्हाही होती आणि आजही आहे.

मानेवर नेमके काय घडते

श्वानाच्या मानेत श्वासनलिका, अन्ननलिका, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या, थायरॉइड ग्रंथी आणि मणक्यांचा नाजूक भाग असतो. श्वान दोरी ताणून पुढे झेपावतो, तेव्हा त्याच्या अंगाचा सारा जोर पट्ट्याच्या अरुंद कडेवर एकवटतो. खोकला, ठसका, घरघर आणि क्वचित उलटीसारखी उबळ ही त्याची पहिली लक्षणे होत. पुष्कळ घरांत ती सर्दीची म्हणून दुर्लक्षिली जातात.

या दाबाचा परिणाम डोळ्यांवरही होतो. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६ श्वानांच्या डोळ्यांतील दाब मोजण्यात आला. गळपट्टा ओढला जात असताना हा दाब लक्षणीय वाढला. हार्नेस ओढला असता मात्र तशी वाढ दिसली नाही. काचबिंदू, पातळ झालेले पारपटल किंवा डोळ्याला झालेली जखम असलेल्या श्वानांसाठी हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. ब्रिटनमधील नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये श्वानाच्या मानेच्या प्रतिकृतीवर विविध प्रकारचे पट्टे तपासले. ओढ लागल्यावर मानेला इजा होण्याचा धोका टळेल इतका कमी दाब त्यांपैकी एकाही पट्ट्याने दिला नाही. गुबगुबीत अस्तर लावलेला किंवा रुंद पट्टा तुलनेने बरा असला, तरी ओढणाऱ्या श्वानासाठी तो पूर्ण उपाय नव्हे, हे यातून स्पष्ट होते.

काही जातींना हा धोका अधिक असतो. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, चिवावा यांसारख्या लहान जातींत श्वासनलिकेचे कूर्चेचे कडे ढिले पडून नलिका चपटी होण्याचा विकार वारंवार आढळतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या श्वानांचा श्वास मुळातच कष्टाचा असतो आणि त्यांचे डोळेही बाहेर आलेले असतात. अशा श्वानांच्या गळ्यातील पट्टा केवळ नावाचा बिल्ला अडकवण्यापुरता असावा. फिरायला नेताना दोरी हार्नेसलाच बांधावी.

पट्ट्यांचे प्रकार

बक्कल असलेला सपाट पट्टा हा सर्वांत साधा आणि सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार आहे. दोरीवर शांतपणे चालणाऱ्या बहुतेक प्रौढ श्वानांना तो पुरेसा असतो. धातूच्या बकलाचा पट्टा घालायला आणि काढायला वेळ लागतो, पण तो मजबूत असतो. प्लॅस्टिकच्या खटक्याचा पट्टा चटकन निघतो. मात्र खटका हलक्या प्रतीचा असेल, तर मोठ्या श्वानाच्या जोरापुढे तो टिकत नाही. खरेदीपूर्वी खटका दोन्ही बाजूंनी जोराने ओढून पाहावा.

मार्टिंगेल नावाचा पट्टा भारतीय वाचकांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. मुधोळ हाउंड, कारवान हाउंड, राजपलायम, चिप्पीपराई या भारतीय शिकारी जातींची डोकी निमुळती आणि माना लांब असतात. मानेचा घेर डोक्याइतकाच किंवा त्याहून अधिक असल्याने साधा पट्टा मागच्या मागे सहज निसटतो. मार्टिंगेलमध्ये मोठ्या फेऱ्याला एक लहान फेरा जोडलेला असतो. श्वान मागे हटला, तर पट्टा ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळतो. त्यामुळे तो निसटत नाही आणि गळफासही बसत नाही. २०१६ मध्ये मुधोळ श्वान लष्कराच्या मेरठ येथील प्रशिक्षण केंद्रात दाखल झाले. ३० ऑगस्ट २०२० रोजीच्या ‘मन की बात’ कार्यक्रमात पंतप्रधानांनी देशी श्वान पाळण्याचे आवाहन केले. वाऱ्याच्या वेगाने धावणारा हा श्वान रहदारीच्या रस्त्यावर पट्ट्यातून सुटला, तर त्याला हाताने पकडणे जवळपास अशक्य असते. म्हणून त्याच्यासाठी पट्ट्याचा प्रकार हा आवडीचा नव्हे, तर सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

केसाळ जातींसाठी चामड्याचा गोल वळलेला पट्टा उपयुक्त असतो, कारण त्यात केस कमी गुंततात आणि तुटतात. ताण पडताच आपोआप सुटणारा पट्टाही बाजारात मिळतो. जाळीच्या कुंपणाजवळ किंवा इतर श्वानांबरोबर खेळताना पट्टा अडकून फास बसण्याचा धोका त्यामुळे टळतो. परंतु तो दोरी बांधून फिरायला नेण्यासाठी नसतो.

ओढताच आवळणारी धातूची साखळी, आतल्या बाजूला टोके असलेला पट्टा आणि विजेचा झटका देणारा पट्टा हे तीन प्रकार शिस्तीच्या नावाखाली विकले जातात. तिन्हींचा परिणाम वेदनेवर किंवा वेदनेच्या भीतीवर उभा असतो. समोर दुसरा श्वान दिसताच मानेला कळ येत असेल, तर श्वान त्या कळीचा संबंध समोरच्या श्वानाशी जोडतो आणि अधिक आक्रमक होऊ शकतो. ब्रिटनमधील वेल्सने २०१० मध्येच विजेच्या पट्ट्यांवर बंदी घातली. भारतातील घरगुती श्वानपालकांनीही हे प्रकार टाळणेच श्रेयस्कर होय. दोरी ओढण्याची सवय मोडण्यासाठी दोरी ताणली की थांबणे आणि ढिली झाली की पुढे चालणे ही साधी पद्धत सातत्य ठेवल्यास गुण देते.

माप घेण्याची रीत

शिंप्याकडे असते तशी मऊ टेप मानेच्या मध्यभागी, पट्टा जेथे बसणार तेथे, सैलसर गुंडाळून घेर मोजावा. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून ती पट्टीवर मोजता येते. पट्टा घातल्यावर तो आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे सहज जावीत. लहान चणीच्या श्वानासाठी एक बोट पुरे, तर मोठ्या आणि दाट केसांच्या श्वानासाठी जागा किंचित अधिक ठेवावी. त्यानंतर पट्टा हलक्या हाताने कानांच्या दिशेने ओढून पाहावा. तो डोक्यावरून निघाला, तर तो सैल आहे.

लांबीइतकेच रुंदी आणि वजनालाही महत्त्व असते. अरुंद पट्टा मोठ्या श्वानाच्या मानेत रुततो. फार रुंद पट्टा लहान श्वानाला मान वळवू देत नाही. जड कडी आणि मोठे बक्कल पिल्लाच्या मानेवर दिवसभर लोंबकळत राहिल्यास त्याला त्रास होतो. पट्टा श्वानाला घातला आहे हे त्याला काही मिनिटांत विसरता आले पाहिजे. तो सतत खाजवत किंवा मान झटकत राहिला, तर माप, वजन किंवा कापड यांपैकी काहीतरी चुकले आहे असे समजावे.

पिल्लांच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक होते ती पट्टा घालून विसरून जाण्याची. पिल्लाची मान आठवड्यागणिक वाढते, पट्टा मात्र वाढत नाही. दर आठवड्याला दोन बोटांची चाचणी घ्यावी आणि सुरुवातीला महागडा पट्टा न घेता स्वस्त पण सरकवता येणारा घ्यावा. ही चाचणी झाली नाही, तर पट्टा आधी केस खातो, मग कातडी सोलतो आणि अखेरीस मांसात रुततो. अशा जखमेत किडे पडतात आणि पट्टा भूल देऊन कापून काढावा लागतो. वस्तीतील भटक्या पिल्लांच्या गळ्यात प्रेमापोटी रिबन, दोरा किंवा घट्ट पट्टा बांधणाऱ्यांकडून ही इजा नकळत घडते. पिल्लू काही दिवसांनी दुसऱ्या गल्लीत जाते आणि बांधलेला पट्टा सोडवणारे कोणी उरत नाही. जे पिल्लू रोज हाताखालून जाणार नाही, त्याच्या गळ्यात काहीही न बांधणे हीच त्याच्यावरची माया होय.

चामडे, नायलॉन की सुती

चामड्याचा पट्टा टिकाऊ असतो आणि वापराने मानेच्या आकाराप्रमाणे मऊ होतो. घोड्यांचे खोगीर आणि साज यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कानपूरच्या चर्मकामाला भौगोलिक मानांकन लाभले आहे. मात्र कोकण, गोवा, केरळ किंवा ईशान्येकडील पावसात चामड्यावर बुरशी धरते. ओले चामडे दिवसभर मानेला घासत राहिल्यास त्वचेवर ओलसर, लालसर चट्टे उठतात. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा बाजूला ठेवून नायलॉनचा किंवा पाणी न शोषणाऱ्या लेपाच्या कापडाचा पट्टा वापरावा.

नायलॉन स्वस्त, हलके आणि धुण्यास सोपे असते. त्याच्या कापलेल्या कडा टोकदार असतील, तर मऊ अस्तर असलेला पट्टा निवडावा. सुती पट्टा संवेदनशील त्वचेला मानवतो, पण तो पाणी धरून ठेवतो आणि लवकर विरतो. विदर्भ, राजस्थान किंवा दिल्लीच्या उन्हाळ्यात मोठी धातूची बक्कल आणि साखळी उन्हात तापून चटका देतात, ही बाबही ध्यानात ठेवावी. कोणताही पट्टा आठवड्यातून एकदा काढून मानेची त्वचा तपासावी, पट्टा साबणाने धुऊन पूर्ण वाळवावा आणि शिवण उसवली असल्यास तो बदलावा.

घुंगरू आणि घंटा यांबाबत संयम बरा. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, तर श्वानाला सुमारे ४५ हजार हर्ट्झपर्यंतचे. कानाखाली अहोरात्र वाजणारी घंटा घरातल्यांना गोड वाटली, तरी ती श्वानाला त्रासदायक होऊ शकते. नेपाळमध्ये, तसेच सिक्कीम आणि दार्जिलिंग भागातील नेपाळी भाषकांत तिहार सणाच्या एका दिवशी श्वानांची पूजा करून त्यांना फुलांच्या माळा घालतात. सणाची माळ सणापुरतीच असते, हे त्या प्रथेतील शहाणपण सजावटीच्या प्रत्येक वस्तूला लागू पडते. मणी, खडे आणि चमक्या श्वान चघळून गिळू शकतो.

हार्नेसची निवड

हार्नेस मानेवरचा ताण छातीवर आणि बरगड्यांवर विभागतो. छातीपुढे इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा आकार असलेला हार्नेस खांदे मोकळे ठेवतो. छातीवरून आडवा जाणारा पट्टा खांद्यांच्या हालचालीला अडथळा करू शकतो. पुढच्या पायांच्या मागे, काखेत पट्टा घासत नाही ना, हे श्वानाला चालवून पाहावे. छातीचा सर्वांत रुंद भाग आणि मानेचा पाया अशी दोन मापे घेऊनच हार्नेस खरेदी करावा.

दोरी पाठीवरच्या कडीला अडकवली, तर शांत श्वान आरामात चालतो, पण ओढणाऱ्या श्वानाला अधिक जोर लावता येतो. छातीवरच्या कडीला दोरी अडकवल्यास ओढणारा श्वान आपोआप मालकाकडे वळतो. दोन्ही कड्या असलेला हार्नेस शिकवणीच्या काळात उपयोगी पडतो. घाबरट श्वान हार्नेसमधूनही मागे सरकत निसटू शकतो. त्यासाठी हार्नेस आणि पट्टा यांना जोडणारी छोटी दुहेरी कडी लावावी. घरी आल्यावर हार्नेस काढून ठेवावा, कारण दिवसभर घातल्यास केस गुंततात आणि त्वचा घासते.

मोटारीतून प्रवास करताना दोरी गळपट्ट्याला बांधून आसनाला अडकवणे धोकादायक आहे. अचानक ब्रेक लागल्यास सारा झटका मानेवर बसतो. मोटारीसाठी बनवलेला हार्नेस किंवा घट्ट बसवलेला पिंजरा हाच योग्य पर्याय होय.

दोरी, साखळी आणि कायदा

रोजच्या फिरण्यासाठी दीड ते दोन मीटर लांबीची, हाताला न काचणारी दोरी पुरेशी असते. गुंडाळली जाणारी लांबत जाणारी दोरी मोकळ्या मैदानात ठीक, परंतु गर्दीच्या रस्त्यावर श्वान क्षणात दुचाकीपुढे जाऊ शकतो. शिवाय तिची बारीक दोरी हातापायाला गुंडाळल्यास कापते. धातूची साखळी चावून तुटत नाही, हे खरे. पण तिचे वजन सतत मानेवर राहते.

प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे कलम ११ या संदर्भात वाचण्यासारखे आहे. प्राण्याला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीने वा दोरीने अवाजवी काळ बांधून ठेवणे हा त्यानुसार गुन्हा आहे. नेहमी साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या श्वानाला पुरेसा व्यायाम न देणे हाही गुन्हाच मानला आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड मात्र आजही १० ते ५० रुपयांचाच आहे. एका चांगल्या पट्ट्याची किंमत त्याहून कितीतरी अधिक असते. दंड क्षुल्लक असला, तरी दिवसभर जिन्याखाली बांधलेल्या श्वानाच्या वाट्याला येणारी चिडचिड, भीती आणि मानेचे व्रण क्षुल्लक नसतात.

दुसरी बाजूही कायद्यानेच सांगितली आहे. ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका पोहोचू नये यासाठी पुरेशी काळजी न घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भारतीय पशुकल्याण मंडळानेही सार्वजनिक ठिकाणी श्वानाला दोरी लावूनच नेण्याचा सल्ला पालकांना दिला आहे. म्हणजे घरी साखळी आखूड नसावी आणि रस्त्यावर दोरी सुटलेली नसावी, असा हा समतोल आहे.

ओळखीचा बिल्ला

पट्ट्यावरील बिल्ल्यावर श्वानाच्या नावापेक्षा मालकाचे दोन चालू दूरध्वनी क्रमांक अधिक महत्त्वाचे असतात. रेबीजची लस दिली असल्याचा उल्लेख केल्यास सापडलेल्या श्वानाला हात लावण्यास लोक कचरत नाहीत. पत्त्याऐवजी परिसराचे नाव पुरे. कोरलेली अक्षरे छापील अक्षरांपेक्षा टिकतात. लोंबणारा बिल्ला वाजत किंवा अडकत असेल, तर क्रमांक पट्ट्यावरच शिवून किंवा ठोकून घ्यावा. अनेक महापालिकांत पाळीव श्वानाची नोंदणी आणि रेबीज लसीकरण आवश्यक आहे. नोंदणीनंतर मिळणारा बिल्लाही पट्ट्याला जोडावा.

पट्टा हरवू शकतो, म्हणून तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप हा त्याला पूरक उपाय आहे. ती खांद्यांच्या मध्ये त्वचेखाली सुईने बसवली जाते आणि तिच्यात आंतरराष्ट्रीय मानकानुसार १५ अंकी क्रमांक असतो. मात्र ही चिप श्वान कोठे आहे हे सांगत नाही. वाचक यंत्र जवळ नेल्यावर क्रमांक कळतो आणि नोंदवहीत मालकाची माहिती अद्ययावत असेल तरच तिचा उपयोग होतो. ठावठिकाणा हवा असेल, तर उपग्रहाधारित जीपीएस पट्टा लागतो. त्याला मोबाइलचे जाळे आणि नियमित चार्जिंग यांची गरज असते. वस्तू शोधण्यासाठी मिळणारी ब्लूटूथची चकती आसपासच्या फोनवर अवलंबून असते. तिच्यातील लहान गोल बॅटरी श्वानाने गिळल्यास अन्ननलिका भाजू शकते.

गोचीड पट्टा, मुसके आणि इतर साधने

भारतात गोचिडींमुळे एर्लिकिया आणि बॅबेसिया यांच्या संसर्गाचे गंभीर ताप श्वानांना येतात. गोचीड पट्ट्यातील औषध हळूहळू त्वचेवर आणि केसांवर पसरते. तो नेहमीच्या पट्ट्याव्यतिरिक्त घालायचा असतो, त्याला दोरी बांधायची नसते. श्वानाचे वय आणि वजन यांनुसार पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच तो निवडावा. त्याबरोबर गोचीड मारणारे दुसरे औषध परस्पर लावू नये. पट्टा हाताळल्यावर हात धुवावेत. घरात मांजर असल्यास अधिक दक्षता हवी, कारण श्वानांसाठी वापरले जाणारे पर्मेथ्रिन हे द्रव्य मांजरांना विषारी असते.

मुसके निवडताना श्वानाला तोंड उघडून धापा टाकता येतात का आणि पाणी पिता येते का, हे पाहावे. श्वानाला माणसासारखा घाम येत नाही, धाप हाच त्याचा थंड होण्याचा मुख्य मार्ग असतो. तोंड आवळणारे कापडी मुसके भारतीय उन्हाळ्यात काही मिनिटांतच घातक ठरू शकते. जाळीचे, टोपलीसारखे मुसके तुलनेने सुरक्षित असते. आधी त्यात खाऊ ठेवून श्वानाला त्याची सवय लावावी.

शस्त्रक्रियेनंतर जखम चाटू नये म्हणून घातला जाणारा शंकू नाकाच्या टोकापेक्षा थोडा पुढे यायला हवा. तो आखूड असेल, तर टाके तोंडाशी येतात. स्वेटर आणि जाकिटाची गरज उत्तर भारतातील हिवाळ्यात आखूड केसांच्या, वृद्ध किंवा अगदी लहान श्वानांना असते. दाट केसांच्या श्वानाला मुंबईच्या दमट हवेत कपडे घालणे म्हणजे त्याला उकाड्यात ढकलणे होय.

अंधारात दिसणारा पट्टा

रात्री गाडीचा प्रकाश पडल्यावर श्वानाचे डोळे चमकतात, पण त्याचे तोंड दुसरीकडे असेल तर काळा किंवा तपकिरी श्वान डांबरी रस्त्यावर दिसतच नाही. पट्ट्यावर प्रकाश परावर्तित करणारी पट्टी असल्यास चालकाला तो वेळेत दिसतो. पुण्यात शंतनू नायडू या तरुण अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी देणगीत मिळालेल्या जुन्या जीन्सच्या कापडापासून भटक्या श्वानांसाठी असे पट्टे तयार केले. या उपक्रमाची दखल रतन टाटा यांनी घेतली आणि त्याला पाठबळ दिले. २०२३ मध्ये मुंबई विमानतळाबाहेरील २० भटक्या श्वानांच्या गळ्यात क्यूआर कोडचे बिल्ले घालण्यात आले. कोड मोबाइलने वाचल्यावर श्वानाचे नाव, लसीकरण आणि नसबंदीची माहिती मिळावी, अशी ती योजना होती. प्रौढ भटक्या श्वानांना पट्टे घालणाऱ्यांनी ते पुरेसे सैल ठेवावेत आणि ठरावीक काळाने तपासावेत.

खरेदीपूर्वीचा विचार

नव्या श्वानपालकाला प्रत्यक्षात फार थोड्या वस्तू लागतात. दोन चालू क्रमांक असलेला हलका सपाट पट्टा, मापाचा हार्नेस, दीड ते दोन मीटरची दोरी आणि अंधारासाठी चमकती पट्टी एवढे साहित्य बहुतेक श्वानांना पुरते. मुधोळसारख्या निमुळत्या डोक्याच्या श्वानाला सपाट पट्ट्याऐवजी मार्टिंगेल घ्यावा आणि घरी तो काढून ठेवून बिल्ला लावलेला हलका पट्टा घालावा. पिल्लाला सरकवता येणारा पट्टा, तर श्वासाचा त्रास असलेल्याला फिरताना केवळ हार्नेस, एवढाच काय तो फेरफार. शक्य असल्यास श्वानाला दुकानात बरोबर न्यावे. ऑनलाइन मागवताना जातीच्या नावावरून नव्हे, तर घेतलेल्या मापावरून आकार निवडावा.

वस्तू घरी आल्यानंतरचे काम मात्र कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. आठवड्यातून एकदा पट्ट्याखाली दोन बोटे घालून पाहणे, मानेची कातडी तपासणे, दूरध्वनी क्रमांक बदलल्यास बिल्ला बदलणे आणि दिवाळीच्या आधी हे सारे पुन्हा एकदा नजरेखालून घालणे, यासाठी पाच मिनिटे लागतात. फटाक्यांच्या रात्री दार चुकून उघडे राहिले, तर त्या पाच मिनिटांमुळेच श्वान सापडलेल्या अनोळखी माणसाला मालकाला दूरध्वनी करता येतो.